नाबोथाच्या मळ्याचा सातबारा

आमच्या मंडळीची, म्हणजे गावातल्या चर्चची, तीन एकर अकरा गुंठे जमीन २००६ साली विकली गेली. कमिटीच्या ठरावावर नऊ सह्या आहेत. सहावी सही माझ्या वडिलांची.

गावात त्या जमिनीला 'मिशनचा मळा' म्हणत. आमचं गाव नगर जिल्ह्यातलं. जिल्ह्याचं नाव आता अहिल्यानगर झालंय, पण घरातल्या बोलण्यात अजून नगरच येतं. मळ्यात एक बांधीव विहीर होती, सहा कडुनिंब होते आणि मुलांच्या बोर्डिंगची लांबट कौलारू इमारत होती. बोर्डिंगच्या मुलांच्या ताटात भाजी पडावी म्हणून मिशनरी साहेबांनी ती जमीन घेतली, असं जुनी माणसं सांगायची. मेथी, गवार, वांगी. वडिलांना आम्ही दादा म्हणायचो. दादा चौथीपासून त्याच बोर्डिंगात राहिले. पहाटे पाणी शेंदायचं, वाफे भिजवायचे, मग प्रार्थना, मग शाळा. पुढे ते प्राथमिक शिक्षक झाले, निवृत्त झाले आणि मंडळीच्या कमिटीवर निवडून आले. आज मळ्याच्या जागी मंगल कार्यालय आहे आणि रस्त्याच्या कडेने गाळे. कडुनिंबांपैकी एक उरलाय, पार्किंगमध्ये.

पुढाऱ्यांच्या भ्रष्टाचाराचा विषय निघाला की लोकांच्या डोळ्यांसमोर मंत्रालय येतं. माझ्यासमोर तो मळा येतो. बायबलमधल्या पेत्राच्या पहिल्या पत्रात म्हटलंय की न्यायनिवाड्याला आरंभ देवाच्या घरापासून व्हायचा आहे. म्हणून मीही घरापासूनच बोलते.

दादा संडेस्कूल घ्यायचे. जुन्या करारातल्या गोष्टी त्यांच्या तोंडून ऐकाव्यात. त्यातली एक गोष्ट ते दरवर्षी सांगायचे: पहिल्या राजांच्या पुस्तकाचा एकविसावा अध्याय, नाबोथाचा द्राक्षमळा. अहाब हा इस्राएलाचा राजा, राजधानी शोमरोन. इज्रेलात त्याचा आणखी एक वाडा होता आणि वाड्याला लागून नाबोथाचा मळा. राजाला तो हवा होता. कशासाठी, तर भाजीपाला लावायला. इथे दादा थांबायचे आणि खिडकीतून दिसणाऱ्या मिशनच्या मळ्याकडे बोट करून म्हणायचे, "बघा, एवढ्याशासाठी."

अहाबाचा देकार तसा वाईट नव्हता. याहून चांगला मळा देतो, नाहीतर रोख किंमत घे. नाबोथाचं उत्तर एका वाक्याचं आहे: माझ्या वाडवडिलांचं वतन तुम्हाला देण्याचं परमेश्वर माझ्या हातून घडू न देवो. आम्हा पोरांना वाटायचं, हट्टी माणूस. मग दादा फळ्यावर सातबारा काढायचे. "भोगवटादार वर्ग एक म्हणजे मालकाने वाटेल तेव्हा विकावी. वर्ग दोन म्हणजे कसा, खा, मुलांना द्या, पण विकायची झाली तर वरच्याची परवानगी लागते. इस्राएलात सगळ्यांचीच जमीन वर्ग दोन. वरचा कोण ते तुम्ही सांगा." लेवीय या पुस्तकाच्या पंचविसाव्या अध्यायात परमेश्वर स्पष्ट सांगतो की जमीन कायमची विकायची नाही, कारण ती माझी आहे आणि तुम्ही माझ्याजवळ उपरी आणि पाहुणे आहात. कुणी अडचणीत विकलीच, तर पन्नासाव्या वर्षी, योबेल वर्षी, ती मूळ घराण्याकडे परत जायची. नाबोथाला विकायचा अधिकारच नव्हता. आणि हे अहाबाला माहीत होतं. म्हणून तर तो चिडून वाद घालत नाही. घरी जातो, पलंगावर तोंड फिरवून पडतो, जेवत नाही.

इस्राएलाच्या राजासाठी जुन्या करारातल्या 'अनुवाद' नावाच्या पुस्तकाच्या सतराव्या अध्यायात एक नियम आहे. गादीवर बसला की त्याने नियमशास्त्राची एक प्रत स्वतःसाठी लिहून काढायची आणि आयुष्यभर रोज वाचायची, म्हणजे आपल्या भाऊबंदांहून आपण कुणी मोठे असं त्याच्या मनात येणार नाही. राजाने वाचायचं, हा राज्यकारभाराचा पहिला नियम. अहाबाची राणी ईजबेल सीदोनी राजाची मुलगी. तिच्या माहेरी राजाला नियमात बांधणं ही कल्पनाच नसावी, असं मला वाटतं. नवरा रुसून पडलेला पाहून ती विचारते, इस्राएलावर राज्य तुम्हीच करता ना? या एका प्रश्नात तिची राज्याची सगळी व्याख्या आली. हवं ते घेता येत नसेल तर राजा कशाला व्हायचं?

'वतन' हा शब्द आमच्या घरात साधा नव्हता. माझ्या पणजोबांनी बाप्तिस्मा घेतला तरी भावकीतलं महार वतन सुटलं नव्हतं. गावचा सांगावा न्यायचा, वेशीवर राखण करायची, मेलेलं ढोर ओढायचं आणि त्याच्या बदल्यात हाडकी-हाडोळा म्हणून जमिनीचा एक तुकडा. बाबासाहेब या वतनाला गुलामगिरी म्हणाले आणि १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात त्यांनी वतनाच्या कायद्यात बदल करण्याचं विधेयक मांडलं. पुढे १९५८चा कनिष्ठ गाव वतनं रद्द करणारा कायदा आला. गावकीची सक्ती कायद्याने संपली आणि जमिनी नव्या शर्तीवर वतनदारांना परत देण्याची सोय झाली. कलेक्टरच्या परवानगीशिवाय त्या विकता येत नव्हत्या. म्हणजे पुन्हा वर्ग दोन. तरीही आमच्या भावकीच्या हाडोळ्यावर आज तिऱ्हाइताचं नाव आहे. आजोबांचा अंगठा कुठल्या कागदावर, कुणी, काय सांगून घेतला, हे घरात कुणालाच नीट सांगता आलं नाही.

म्हणून नाबोथाच्या तोंडचा तो शब्द वाचताना दादांचा आवाज बदलायचा. एकच शब्द, पण आमच्या पणजोबांच्या गळ्यात तो दोर होता आणि नाबोथासाठी देवाने दिलेलं दान. त्या दोराला बांधलेला जमिनीचा तुकडासुद्धा राहिला नाही. आजोबांना वाचता येत नव्हतं.

दादांना येत होतं.

ईजबेलने काय केलं ते नीट पाहायला हवं. तिने सैनिक पाठवले नाहीत. तिने पत्रं लिहिली, अहाबाच्या नावाने, अहाबाची मोहोर उठवून, इज्रेलच्या वडीलजनांना आणि प्रतिष्ठितांना. उपास जाहीर करा. नाबोथाला लोकांसमोर मानाच्या जागी बसवा. दोन नीच माणसं त्याच्यासमोर बसवा आणि त्यांना साक्ष द्यायला लावा की याने देवाला आणि राजाला शिव्याशाप दिले. मग गावाबाहेर नेऊन दगडमार करा. यात एकही गोष्ट नियमाबाहेरची नाही. देवाची निंदा करू नये, अधिपतीला शाप देऊ नये, हे निर्गमच्या बाविसाव्या अध्यायात आहे. देहान्ताच्या शिक्षेला दोन साक्षीदार लागतात, हे अनुवादात आहे. दोन लागतात, म्हणून दोन बसवले. उपासामुळे सगळ्याला भक्तीचा रंग चढला. ज्या नियमशास्त्राने नाबोथाचा मळा राखायचा, त्याच नियमशास्त्राची कलमं लावून त्याला मारलं. दुसऱ्या राजांच्या पुस्तकात एका ओळीत कळतं की त्याच्या मुलांचंही रक्त सांडलं होतं. म्हणजे वारसाची नोंद करायलाही कुणी उरलं नाही.

आमच्या कमिटीची सभाही प्रार्थनेने सुरू झाली. इतिवृत्ताच्या पहिल्या ओळीत तसं लिहिलंय. ट्रस्टची स्थावर मालमत्ता विकायची तर सार्वजनिक विश्वस्त कायद्याच्या कलम ३६ प्रमाणे धर्मादाय आयुक्तांची आधी मंजुरी लागते आणि मंजुरी मागायला ठराव लागतो. तो तयार होता, टाइप केलेला, दोन पानांचा. पहिल्या पानावर बोर्डिंगची पडझड, मुलांचे हाल, डागडुजीची निकड. दुसऱ्या पानावर गट नंबर, पडीक जमीन असल्याचा उल्लेख आणि विक्री. दादांसमोर दुसरं पान आलं ते सह्यांसाठी उघडलेलं. वर पाच सह्या होत्याच. "सर, सगळ्यांनी केलीय," असं कुणीतरी म्हणालं. दादांनी सही केली. त्या पैशांतून बोर्डिंगचं एक कौलही बदललं गेलं नाही. दोन वर्षांनी बोर्डिंग बंद झालं आणि मुलं घरी गेली. त्या वेळी ट्रस्टमध्ये अधिकारावर असलेल्यांची नावं मी इथे लिहिणार नाही. प्रकरण जिथे गेलं तिथे ती आहेत.

इज्रेलच्या वडीलजनांबद्दल एक बारकावा मला फार उशिरा दिसला, आणि दिसला त्या रात्री झोप लागली नाही. पत्रं अहाबाच्या नावाने आली होती. मोहोर अहाबाची होती. पण काम झाल्यावर त्यांनी निरोप पाठवला तो ईजबेलीला: नाबोथाला दगडमार केली, तो मेला. उत्तर कुणाला द्यायचं हे त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं. म्हणजे पत्र खरं कुणाचं, कशासाठी आलंय, हे मोहोर फोडली तेव्हाच त्यांनी ओळखलं होतं. फसलो, असं म्हणायची सोयच शास्त्राने त्यांना ठेवली नाही. ते नाबोथाच्याच नगरात राहणारे होते, हेही शास्त्राने आवर्जून लिहिलंय. शेजारी. लग्नाकार्यात एका पंगतीला बसलेली माणसं.

चौथ्या शतकात मिलानमध्ये अँब्रोज नावाचे बिशप होते. बिशप होण्याआधी ते त्या प्रांताचे राज्यपाल होते, त्यामुळे सत्ता कागदावर कशी चालते हे त्यांनी आतून पाहिलेलं. नाबोथाच्या गोष्टीवर त्यांनी एक सबंध ग्रंथ लिहिला. ही गोष्ट घडून पुष्कळ काळ लोटला, पण ती घडते मात्र रोज, असं ते सुरुवातीलाच सांगतात. वाचताना वाटतं, आमच्या तालुक्याच्या कचेरीत बसून लिहिलंय.

मंडळीतल्या काही तरुणांनी हिशेब मागितला तेव्हा त्यांना एक वचन ऐकवण्यात आलं: माझ्या अभिषिक्तांना हात लावू नका. मराठी ख्रिस्ती घरात वाढलेल्या प्रत्येकाने हे वचन कधी ना कधी, बहुधा हिशेबाचा प्रश्न विचारल्यावरच, ऐकलेलं असतं. मीही गप्प बसले होते. नंतर कधीतरी स्तोत्र १०५ मुळापासून वाचलं. तिथे गोष्ट चालली आहे अब्राहाम, इसहाक आणि याकोबाची. ते मोजकेच होते, उपरे होते, एका राष्ट्रातून दुसऱ्या राष्ट्रात भटकत होते. त्यांच्यावर कुणी जुलूम करू नये म्हणून देवाने राजांना दटावलं, आणि राजांना दटावतानाचे ते शब्द आहेत. हे वचन बिनजमिनीच्या, बिनआसऱ्याच्या माणसांच्या बाजूने गादीवरच्यांना सांगितलेलं आहे. आणि आमच्याकडे गादीवरचे ते बिनआसऱ्याच्यांना सांगतात. माझ्या मते पैशांच्या अफरातफरीहून हे पाप मोठं. पैसे गेले तर परत आणता येतील, पण तरुणांच्या मनातून ते वचन विटलं ते विटलंच. त्यातले दोघे आता उपासनेला येत नाहीत.

रोमकरांस पत्राचा तेरावा अध्यायही असाच वापरला जातो. अधिकार देवाने नेमलेला आहे, तेव्हा मान खाली घाला. पण पौल तिथेच म्हणतो की अधिकारी हा देवाचा सेवक आहे, तुझ्या हितासाठी. सेवक म्हटलं की वर धनी आला आणि धन्यापुढे हिशेब आला.

तर नाबोथ मेला. अहाब उठला आणि मळ्याचा ताबा घ्यायला खाली उतरला. त्याच वेळी परमेश्वराचं वचन एलीया या संदेष्ट्याला येतं: ऊठ, अहाबाला जाऊन भेट, तो नाबोथाच्या द्राक्षमळ्यात आहे.

इथे दादा खडू खाली ठेवायचे. "पोरांनो, देव काय म्हणाला? नाबोथाच्या मळ्यात. नाबोथ मेलाय. मुलं मेलीत. राजाने ताबा घेतलाय. सगळे कागद झालेत. पण देवाच्या दप्तरात फेरफार झालेला नाही." बऱ्याच वर्षांनी अहाबाचा मुलगा योराम बंड केलेल्या येहू या सेनापतीच्या बाणाने मरतो, तेव्हाही त्याचं प्रेत कुठे टाकलं हे सांगताना शास्त्र म्हणतं, इज्रेलकर नाबोथाच्या शेतात. राजघराण्याने इतकी वर्षं वहिवाट केली तरी सातबाऱ्यावर नाव नाबोथाचंच.

देवाचा न्याय म्हणजे काय, असं मला कुणी विचारलं तर मला आधी वीज किंवा आग आठवत नाही. हे नाव आठवतं. मारलेल्याचं नाव पुसू न देणं आणि मारणाऱ्याला त्याच जागेवर गाठून विचारणं: खून केलास आणि ताबाही घेतलास? एलीयाच्या हातात काही नव्हतं, सैन्य नाही, कोर्टाचा हुकूम नाही. त्याच्याजवळ घडलेल्या गोष्टीचं खरं नाव होतं, तेवढंच. ठरावात त्याला 'डागडुजी' म्हटलं होतं, पत्रात 'निंदा' म्हटलं होतं. एलीयाने त्याला खून म्हटलं. अहाबाने त्याला पाहताच काय म्हणावं? "माझ्या वैऱ्या, गाठलंस का मला?"

इतिहासाच्या पुस्तकांतला अहाब वेगळा आहे. तुर्कस्तानात कुर्ख इथे १८६१ साली अश्शूरी राजा तिसऱ्या शल्मनेसराचा एक शिलालेख सापडला. तो आता ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. इ. स. पू. ८५३ मध्ये कर्कर इथे झालेल्या लढाईत आपल्याविरुद्ध कोण कोण उभं होतं, त्याची यादी त्यात कोरलेली आहे. इस्राएलाचा अहाब, दोन हजार रथ, दहा हजार पायदळ. त्या फळीत इतके रथ दुसऱ्या कुणाकडेच नव्हते. त्या काळच्या जगाच्या दृष्टीने अहाब हा मोठा, कर्तबगार राजा. आणि पवित्र शास्त्रात कर्करचा उल्लेखही नाही. शास्त्राला रथांची संख्या महत्त्वाची वाटली नाही. एका भाजीच्या मळ्यासाठी सबंध अध्याय दिलाय. पुढाऱ्याला कशावरून जोखायचं, याचं इतकं रोखठोक माप मला दुसरीकडे मिळालेलं नाही. कामं केली ना त्याने, रस्ते केले ना, असं कुणी म्हणालं की मला ते दोन हजार रथ आठवतात.

आता मला जे अवघड जातं तिकडे वळते.

२०११ साली, विक्रीत पुढाकार घेतलेल्या एका माणसाला अर्धांगवायू झाला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. मंडळीत कुजबुज सुरू झाली: देवाने दाखवलं. सहीचाच हात गेला बघा. म्हणणाऱ्यांच्या डोळ्यांत समाधान होतं, आणि खोटं कशाला बोलू, क्षणभर माझ्याही मनात आलं. पण त्याच्या दोन वर्षं आधी आईला हेच दुखणं झालं होतं. तिचीही उजवीच बाजू. आईने आयुष्यात कुणाच्या परसातलं कढीपत्त्याचं पान न विचारता तोडलं नव्हतं. तिला भरवणारा माझा हात मला तो न्याय मान्य करू देईना.

शिलोहातला बुरूज पडून अठरा माणसं मेली, ती काय यरुशलेमेतल्या इतर सगळ्यांहून जास्त पापी होती? प्रभूने लूकच्या तेराव्या अध्यायात हा प्रश्न स्वतःच विचारलाय आणि स्वतःच नाही म्हणून सांगितलंय. पुढे म्हटलंय, तुम्ही पश्चात्ताप करा. दुसऱ्याच्या आजारात देवाचा निकाल वाचायला आपल्याला बसवलेलं नाही.

एल साल्वादोरचे आर्चबिशप ऑस्कर रोमेरो यांच्याबाबत मला हाच प्रश्न पडतो. बिनजमिनीच्या शेतकऱ्यांच्या बाजूने, त्यांना मारणाऱ्या सत्तेविरुद्ध ते आठवड्यामागून आठवडे वेदीवरून बोलत राहिले. २४ मार्च १९८० रोजी एका इस्पितळाच्या छोट्या चॅपेलमध्ये मिस्सा अर्पण करताना त्यांना गोळी घातली. १९९३ साली संयुक्त राष्ट्रांच्या सत्यशोधन आयोगाने अहवालात लिहिलं की हत्येचा हुकूम रोबेर्तो दोब्विसोन या माजी लष्करी अधिकाऱ्याने दिला होता. तोपर्यंत तो मरून गेला होता, वर्षभरापूर्वी, कर्करोगाने. खटला त्याच्यावर कधी चाललाच नाही. अहवाल आल्यावर पाच दिवसांत तिथल्या संसदेने सरसकट माफीचा कायदा केला. त्या कर्करोगाला कुणी देवाचा न्याय म्हणेल. मला म्हणवत नाही. कर्करोग चांगल्या माणसांनाही होतो. न्याय व्हायचा होता तो कोर्टात, साल्वादोरच्या लोकांसमोर, आणि तो झाला नाही. हे भोक भोक म्हणूनच राहू द्यावं, त्यात घाईने देवाचं नाव कोंबू नये, असं मला वाटतं. २०१८ साली रोमेरोंना संत घोषित केलं, तेव्हा मला एलीयाच्या कानावर आलेले शब्द आठवले. मळा अजून नाबोथाचा आहे.

मग शेवटचा निवाडा? आहे, असं मी मानते. तो नसेल तर नाबोथाच्या मुलांना मी काय सांगू? पण तो माझ्या हातात नाही, आणि नाही हे बरंच आहे. कारण त्याच एकविसाव्या अध्यायाच्या शेवटी जे घडतं ते माझ्या मनासारखं नाही. एलीयाचे शब्द ऐकून अहाब वस्त्रं फाडतो, अंगाला गोणपाट गुंडाळतो, उपास करतो, मंदपणे चालू लागतो. हा उपास खरा असावा. आणि परमेश्वर एलीयाला म्हणतो, पाहिलंस का, अहाब माझ्यापुढे कसा नमलाय? मी हे अरिष्ट त्याच्या काळात आणणार नाही, त्याच्या मुलाच्या काळात आणीन.

पहिल्यांदा नीट वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून ठेवलं होतं. नाबोथाला अशी सवलत कुणी दिली? आणि मुलाने काय केलं होतं? यहेज्केलच्या अठराव्या अध्यायात तर म्हटलंय की मुलगा बापाच्या पापाचा भार वाहणार नाही. शास्त्र इथे स्वतःशीच वाद घालतंय आणि मी तो वाद मिटवू शकत नाही. पुढे येहू येतो, देवाच्या नावाने अहाबाचं घराणं कापून काढतो. इज्रेलात रक्ताचा सडा पडतो. आपल्याला वाटतं, चला, हिशेब पुरा झाला. तर होशेयच्या पहिल्याच अध्यायात परमेश्वर म्हणतो की इज्रेलच्या रक्तपाताबद्दल मी येहूच्या घराण्याचं पारिपत्य करीन. न्याय करायला निघालेल्याचाही झाडा घेतला जातो. हिशेब मागणाऱ्या आमच्या तरुणांना मी हे सांगते तेव्हा त्यांना वाटतं की बाई कच खातेय. तसं नाही. मागा, कागद मागा, तारीख मागा, न थकता मागा. फक्त त्या आजारी माणसाच्या वाकड्या तोंडाकडे पाहून हसू नका.

अहाब नमला हे मला शेवटी कळलं ते दादांमुळे.

मळ्याला कुंपण पडलं त्यानंतर दादांनी प्रभुभोजन घेणं सोडलं. महिन्याच्या पहिल्या रविवारी भाकर आणि प्याला त्यांच्या रांगेपर्यंत आला की ते मान खाली घालून बसायचे आणि तबक पुढे द्यायचे. पाळकसाहेब घरी येऊन समजावून गेले. काही उपयोग झाला नाही. संडेस्कूलही सोडलं. नाबोथाची गोष्ट त्यांनी नंतर कधी सांगितल्याचं मला आठवत नाही. एकदा मी पुण्याहून आले होते, जेवताना विचारलं, "दादा, तुम्ही वाचलं नव्हतं का?" ते पुष्कळ वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "पाच सह्या वाचल्या."

२०१४ साली तरुणांनी धर्मादाय कार्यालयात अर्ज केला. ठराव कसा झाला हे सांगणारं आतलं कुणीतरी हवं होतं. नऊपैकी तिघे वारले होते. बाकीच्यांनी नकार दिला. दादा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे होते. त्यांनी मला फोन केला, "सुट्टी काढून ये. तहसीलला जायचंय."

एक जुने सहकारी आदल्या रात्री घरी आले. "सलाम, सर," म्हणून बसले आणि तासभर उठले नाहीत. तुमचंही नाव खराब होईल, पेन्शनर माणूस, कशाला यात पडता. दादा ऐकत होते. निघताना त्यांनी त्यांना दारापर्यंत सोडलं, चपला पुढे सरकवल्या आणि म्हणाले, "तुम्हीही या उद्या. गाडीत जागा आहे." ते आले नाहीत.

तहसीलच्या आवारात पत्र्याच्या शेडखाली नोटरी बसायचे. टायपिस्टने शंभरच्या स्टॅम्प पेपरवर प्रतिज्ञापत्र काढून आणलं, दीड पान. मी वर उल्लेख केलेल्या ठरावावर तो न वाचता सही केली, जमीन पडीक नव्हती, हे मला माहीत होतं, असं त्यात लिहिलं होतं. नोटरींनी शेवटचं पान उलटून रकाना दाखवला, "इथे करा, बाबा." मागे चारजण ताटकळत होते.

दादांनी कागद त्यांच्या हातातून घेतला, पहिलं पान वर आणलं आणि माझ्याकडे दिला. चष्मा त्यांच्या खिशातच होता.

"वाच," म्हणाले. "मोठ्याने वाच."

मी वाचलं. मागची माणसं बोलायची थांबली. गट नंबरच्या ओळीवर दादांनी मला थांबवलं आणि नोटरींना सांगितलं की कंसात 'मिशनचा मळा' असं घाला. टायपिस्ट म्हणाला, गट नंबर असला की पुरे. दादा म्हणाले, घाला. पान पुन्हा काढून आणलं.

"परत वाच," दादा म्हणाले. "पहिल्यापासून."